सोनेरी तास आणि भामरागडचा रस्ता

आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. ऐकताना आकडे कानावरून निघून जातात, म्हणून ते इथे नीट मांडलेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे जखमी माणूस. म्हणजे ट्रकखाली आलेला, झाडावरून पडलेला, अस्वलानं फाडलेला, सुरुंगाच्या स्फोटात सापडलेला. डॉक्टरी भाषेत याला 'ट्रॉमा' म्हणतात. हल्ली आपण हा शब्द मनाला झालेल्या दुखापतीसाठी वापरतो, पण मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ साधा आहे: जखम. या जखमींचा जीव वाचवायच्या शास्त्राचा इतिहास आज बघायचाय. आणि तो बघताना नकाशावर बोट ठेवायचंय चंद्रपूर आणि गडचिरोलीवर.

कायद्यातला एक तास

२०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि 'गोल्डन अवर' हा शब्द भारतीय कायद्यात आला. व्याख्या साधारण अशी: गंभीर दुखापत झाल्यानंतरचा एक तास, ज्यात तातडीनं उपचार मिळाले तर मृत्यू टळण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.

आता नकाशा उघडा. भामरागड ते गडचिरोली साधारण १८० किलोमीटर. गडचिरोली ते नागपूर साधारण १७० किलोमीटर. रस्ता कोरडा असला, गाडी लगेच मिळाली आणि ड्रायव्हर तरबेज असला तरी जिल्ह्याच्या ठिकाणी पोचायला तीनेक तास, आणि तिथून नागपूरला 'मेडिकल'मध्ये न्यायचं झालं तर आणखी तीन. पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहायला लागली की भामरागडचा रस्ताच बंद. आणि गाव रस्त्यापासून आत असलं तर आधी खाटेची कावड करून, चार जणांच्या खांद्यावरून डांबरी सडकेपर्यंत यायचं.

म्हणजे कायद्यातला तो तास इथे रुग्णवाहिका दिसायच्या आधीच संपतो. मग प्रश्न असा, की हा एक तास आला कुठून? कोणी मोजला? आणि जिथे तो पाळणं शक्यच नाही, तिथल्या जखमीसाठी शास्त्राकडे काही आहे का? उत्तर आहे, आणि ते ऐकण्यासारखं आहे.

तास आला कुठून

अमेरिकेत बाल्टिमोर शहरात आर. ॲडम्स काऊली नावाचे सर्जन होते. १९६० च्या दशकात त्यांनी 'शॉक'वर काम केलं. शॉक म्हणजे घाबरणं नव्हे. रक्त वाहून गेल्यानं शरीराच्या अवयवांना प्राणवायू पुरेनासा होतो, ती अवस्था. काऊलींचं म्हणणं होतं की या अवस्थेत माणूस फार वेळ राहिला, तर नंतर कितीही रक्त चढवा, तो वाचत नाही. या मुदतीला त्यांनी 'गोल्डन अवर' म्हणायला सुरुवात केली. कोरिया आणि व्हिएतनामच्या युद्धांत जखमी सैनिकांना हेलिकॉप्टरनं उचललं जायचं. तीच पद्धत काऊलींनी मेरीलँड राज्याच्या पोलिसांच्या मदतीनं सामान्य नागरिकांसाठी सुरू करायला लावली.

कल्पना इतकी पटण्यासारखी होती की जगभर पसरली. मग २००१ साली लर्नर आणि मॉस्काटी या दोन अमेरिकन संशोधकांनी एक साधा उद्योग केला: या 'एका तासा'मागचा पुरावा शोधत ते मुळापर्यंत गेले. आणि त्यांना ६० मिनिटं हा आकडा सिद्ध करणारा अभ्यास सापडलाच नाही.

याचा अर्थ 'वेळेला किंमत नाही' असा काढू नका. अर्थ असा, की घड्याळ एक नाही, बरीच आहेत. श्वासाची वाट बंद झाली, जीभ मागे पडली, तोंडात रक्त साचलं, तर हाताशी चार-पाच मिनिटंच असतात. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. मांडीतली मोठी रक्तवाहिनी तुटली तर ते काही मिनिटांत जाईल, पोटाच्या आत झिरपत राहिलं तर काही तासांत. घाण गेलेली जखम दिवसांच्या हिशेबानं मारते. तर प्रश्न 'एका तासात हॉस्पिटल गाठलं का' एवढाच उरत नाही. आधी विचारायचं की या जखमीचं कुठलं घड्याळ चालू आहे, आणि ते थांबवायला हॉस्पिटलच लागतं का.

गडचिरोलीनं हेलिकॉप्टर पाहिलेलं नाही असं नाही. नक्षलवाद्यांशी चकमकीत जखमी झालेल्या जवानाला हेलिकॉप्टरनं थेट नागपूरला नेलं जातं. कोरियातलंच तर्कशास्त्र. पण प्रत्येक पाड्यासाठी हेलिकॉप्टर ही योजना होऊ शकत नाही. मग दुसरा काही मार्ग?

मक्याच्या शेतात पडलेलं विमान आणि हेमलकशाचा दवाखाना

१७ फेब्रुवारी १९७६. नेब्रास्का, अमेरिकेतला शेतीचा भाग. हाडांचे डॉक्टर जेम्स स्टायनर स्वतःचं छोटं विमान चालवत होते. विमान शेतात कोसळलं. पत्नी जागीच गेली. चार मुलांपैकी तीन अत्यवस्थ. स्वतः जखमी असलेल्या स्टायनरनी रस्त्यावर येऊन गाडी थांबवली आणि जवळच्या गावातलं छोटं हॉस्पिटल गाठलं. तिथे त्यांच्या लक्षात आलं की इथल्या डॉक्टरांना एवढे गंभीर जखमी हाताळायचं शिक्षणच मिळालेलं नाही. मानेला आधार न देता मुलाला उचललं जात होतं. दुर्लक्ष कुणाचंच नव्हतं. कसं करायचं हे कुणी शिकवलंच नव्हतं.

त्यातून १९७८ साली एक छोटा अभ्यासक्रम सुरू झाला, आणि १९८० साली अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सनं तो स्वीकारला. तोच आज जगभर 'एटीएलएस' म्हणून शिकवला जातो. त्याचं सूत्र सोपं आहे: जे सगळ्यात आधी जीव घेईल, ते सगळ्यात आधी हाताळा. आधी श्वासाची वाट, मग श्वास, मग रक्तस्राव. मोडलेलं हाड कितीही भयानक दिसलं तरी ते नंतर. लक्षात घ्या, या शास्त्राचा हा सगळ्यात मोठा धडा महानगरात तयार झाला नाही. तो खेड्यातल्या हॉस्पिटलच्या उणिवेतून आला.

त्याच दशकात आपल्याकडे काय चाललं होतं? २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमट्यांनी भामरागडजवळ हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. गडचिरोली जिल्हा तेव्हा अस्तित्वातच नव्हता. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरचं विभाजन होऊन तो झाला. नागपूरच्या मेडिकलमधलं पदव्युत्तर शिक्षण सोडून डॉ. प्रकाश आमटे तिथे गेले, आणि डॉ. मंदाकिनी आमटे, ज्या भूलतज्ज्ञ होत्या, त्याही. नाना पाटेकरांचा सिनेमा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल.

पण सिनेमा बाजूला ठेवून जखमांच्या नजरेनं त्या दवाखान्याकडे बघा. सुरुवातीची बरीच वर्षं वीज नाही. एक्स-रे नाही. रक्तपेढी नाही. आणि समोर येणारे रुग्ण म्हणजे अस्वलाच्या पंज्यानं चेहरा सोललेला माडिया शेतकरी, शेकोटीत पडून भाजलेलं लेकरू, हाड मोडलेला माणूस. बाकीच्या जगात अशा रुग्णाला 'पुढे पाठवा' म्हणतात. इथे पुढे काही नव्हतंच. कंदिलाच्या, टॉर्चच्या उजेडात टाके घातले गेले, पुस्तकं वाचून शस्त्रक्रिया केल्या गेल्या. २००८ साली या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा बातम्यांत त्याग आणि सेवा हे शब्द खूप आले, आणि ते खरेच आहेत. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. कित्येक तास, कधी दिवसभर चालत आलेला जखमी माणूससुद्धा वाचू शकतो, हे त्या दवाखान्यानं रोज दाखवलं.

फक्त एक अडचण राहते. एका दवाखान्याचा अनुभव दुसरीकडे न्यायचा तर तो मोजावा लागतो. आणि मोजण्याची गोष्ट सुरू होते मुंबईत.

मुंबईनं मोजलं ते काय

२०१३ साली 'टिटको' नावाचा संशोधन प्रकल्प सुरू झाला. लांब नावाचा अर्थ: भारतात जखमींचे उपचार आणि त्यांचे निकाल सुधारण्यासाठी. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रुग्णालयातले सर्जन डॉ. नोभोजित रॉय आणि स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतले मार्टिन गेर्डिन वेर्नबेर्ग हे त्यातले महत्त्वाचे लोक. काम तसं कंटाळवाणं होतं. मोठ्या सरकारी रुग्णालयांत फक्त नोंदी करायला माणसं नेमली. पाळ्या बदलत कॅज्युअल्टीत उभं राहायचं आणि प्रत्येक जखमीची नोंद करायची: कसा आला, किती वाजता आला, रक्तदाब किती, शुद्धीत होता का, पुढे काय झालं.

या नोंदींवरून २०१७ साली एक शोधनिबंध आला. पाच रुग्णालयं. मुंबईतली सायन आणि केईएम ही त्यातली दोन, बाकीची दिल्ली-कोलकात्यासारख्या महानगरांतली. दीड वर्षात ११,६७१ जखमी दाखल झाले. त्यातले २,५२३ जण ३० दिवसांच्या आत गेले. म्हणजे पाचातला एक.

मग तज्ज्ञ एकत्र बसले. ज्या २,०५७ मृत्यूंची पुरेशी माहिती होती, त्यातला प्रत्येक मृत्यू समोर घेऊन एकच प्रश्न: हा टळू शकला असता का? उत्तर आलं, ५८ टक्के टळू शकले असते. आणि ज्यांच्या जखमा किरकोळ गटात मोडत होत्या, त्यांच्या मृत्यूंपैकी तर ७१ टक्के.

कमी कशाची पडली? महागड्या मशीनची नव्हे. श्वासाची वाट मोकळी करण्यात चूक किंवा उशीर, हे एक मोठं कारण. रक्तस्राव थांबवून माणसाला सावरण्यात कमी पडलो, हे दुसरं. मग ठरलेली कार्यपद्धती नसणं, असली तर पाळली न जाणं, रुग्णालयात पोचायला उशीर, स्कॅनला उशीर. थोडक्यात, स्टायनरनी सांगितलेल्या यादीतल्या पहिल्या तीन ओळी.

मग एटीएलएस सगळ्यांना शिकवलं की झालं? इथेही संशोधकांनी भाबडेपणा केला नाही. या प्रशिक्षणानं डॉक्टरांचं ज्ञान वाढतं हे माहीत आहे. रुग्ण जास्त वाचतात का, याचा भक्कम पुरावा मात्र दशकानुदशकं नव्हता. म्हणून याच संशोधकांच्या गटानं भारतातल्या ३० रुग्णालयांत त्याची चाचणी हाती घेतली. जगभर चाळीस वर्षं शिकवल्या गेलेल्या गोष्टीची परीक्षा भारतातल्या कॅज्युअल्टीत होणं, हे मला फार भारी वाटतं.

जो पोचलाच नाही, त्याची नोंद कुठे?

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. सर्व्हरवर आलेल्या प्रत्येक रिक्वेस्टचा लॉग असतो. पण जी रिक्वेस्ट वाटेतच, नेटवर्कमध्ये मेली, तिचा सर्व्हरवर काहीच मागमूस नसतो. फक्त सर्व्हरचा लॉग बघणारा माणूस म्हणेल, सगळं छान चाललंय. तिकडे युजर बोंबलत असतो.

रुग्णालयाच्या नोंदींचंही तेच. टिटकोनं मोजले ते रुग्णालयापर्यंत पोचलेले जखमी. शहरात हा फरक कमी असेल. पण जिथे वाट सहा तासांची आहे, तिथे सगळ्यात गंभीर जखमी वाटेतच संपतो, आणि रुग्णालयाच्या रजिस्टरात जिवंत पोचलेलेच दिसतात. एवढंच रजिस्टर वाचलं तर असंही वाटू शकतं की दूरच्या तालुक्यातले जखमी तुलनेनं बरे असतात! प्रत्यक्षात बरे नसलेले आलेच नाहीत.

चंद्रपूरचं उदाहरण घ्या. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या आत-बाहेर २००५ ते २०११ या काळात माणसांवर झालेल्या हल्ल्यांचा धनवटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला. एकूण १३२ हल्ले. ७८ टक्के वाघाचे, २२ टक्के बिबट्याचे. ७१ माणसं गेली. सगळ्यात जास्त लोक सापडले ते जंगलात वनोपज गोळा करताना. ज्यांनी मोहफुलं वेचणारी बाई पाहिली आहे त्यांना कारण सांगायला नको. ती वाकलेली असते, नजर जमिनीवर, आणि वेळ पहाटेची.

हा अभ्यास वन्यजीवांच्या संवर्धनासाठी केलेला, आणि त्या कामासाठी तो मोलाचा आहे. पण तोच जखमींच्या बाजूनं वाचला तर वेगळे प्रश्न सुचतात. १३२ मधून ७१ गेले, म्हणजे ६१ वाचले. ते कशामुळे वाचले? पहिला कपडा जखमेवर कोणी दाबला? किती तासांनी टाके पडले? आणि जे गेले, त्यातले किती जागच्या जागी गेले आणि किती वाटेत? वाघाचे सुळे मानेत खोल जातात, तिथे बऱ्याचदा कोणाच्याच हातात काही नसतं. पण हातापायाची, खांद्याची फाटलेली जखम ही रक्त थांबवण्याची गोष्ट आहे.

आणि एक बारकावा. 'गोल्डन अवर'ची ती व्याख्या मोटार वाहन कायद्यात आहे. अपघातग्रस्तांसाठी २०२५ साली आलेली दीड लाखापर्यंतच्या कॅशलेस उपचारांची केंद्र सरकारची योजनासुद्धा रस्त्यावरच्या वाहन अपघातांसाठी. झाडावरून पडलेला माणूस किंवा अस्वलानं पकडलेली बाई त्या व्याख्येत बसत नाही. जंगलातल्या जखमेला वेगळं खातं, वेगळा फॉर्म.

५.७ तास

आता आजच्या भागातला माझा सगळ्यात आवडता अभ्यास. हान्स हुसुम, मॅड्स गिल्बर्ट आणि टॉर्बेन विस्बोर्ग हे तीन नॉर्वेजियन डॉक्टर. जागा दोन: उत्तर इराक आणि कंबोडिया. दोन्हीकडे जमिनीत पेरलेले सुरुंग, तुटलेले रस्ते, रुग्णवाहिका नाही. काळ १९९७ ते २००१.

यांनी हॉस्पिटलं बांधली नाहीत. १३५ स्थानिक आरोग्य कर्मचाऱ्यांना जखमी हाताळायचं नीट प्रशिक्षण दिलं, आणि त्यांच्यामार्फत गावातल्या ५,२०० साध्या माणसांना प्रथमोपचार शिकवले. शेतकरी, गुराखी, पोरं. काय शिकवलं? श्वासाची वाट मोकळी ठेवा. वाहतं रक्त कपड्यानं दाबून, जखम आतून भरून थांबवा. जखमीला ऊब द्या, कारण गार पडलेल्या शरीरात रक्त गोठत नाही. आणि मग उचलून न्या.

नंतर त्यांनी १,०६१ जखमींच्या नोंदी तपासल्या. हॉस्पिटलपर्यंत पोचायला सरासरी लागलेला वेळ होता ५.७ तास. एक तास नाही, जवळजवळ सहा! तरीही मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून १५ टक्क्यांच्या आसपास आलं.

हा 'आधी आणि नंतर'चा अभ्यास आहे. शेजारी तुलनेचा गट नव्हता, त्यामुळे सगळं श्रेय प्रशिक्षणाला देता येणार नाही. पण मुद्दा पक्का आहे. रस्ता तेवढाच लांब राहिला, आणि त्या रस्त्यावर जखमीच्या सोबत कोण आहे एवढं बदललं. भामरागड ते गडचिरोली हे अंतर डोळ्यासमोर आणा आणि ५.७ हा आकडा पुन्हा वाचा.

तीन तासांचं औषध

दुसरी गोष्ट जपानमधली. उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके ओकामोतो हे संशोधक जोडपं. बाळंतपणात रक्तस्रावानं बायका मरतात, त्यावर औषध शोधायचं म्हणून काम करत होतं. मुलगी सांभाळायला कोणी नसायचं, तेव्हा उताको तिला पाठीशी बांधून प्रयोगशाळेत काम करत. १९६२ साली त्यांनी ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड जगासमोर आणलं. शरीरात रक्ताची गाठ बनते आणि विरघळतेही. हे औषध ती गाठ विरघळू देत नाही.

अनेक वर्षांनी, २०१० साली, लंडनहून चालवलेल्या 'क्रॅश-२' या चाचणीचे निकाल आले. ४० देश, २७४ रुग्णालयं, २०,२११ जखमी. भारतातली रुग्णालयंही त्यात होती. औषध न मिळालेल्यांपैकी १६ टक्के गेले, मिळालेल्यांपैकी १४.५ टक्के. फरक छोटा वाटेल, पण स्वस्त औषध, शिरेतून द्यायचं, आणि फ्रिजची गरज नाही.

पुढच्या वर्षी वेळेनुसार पडताळणी झाली. पहिल्या तासात दिलं तर रक्तस्रावानं होणारे मृत्यू ७.७ वरून ५.३ टक्क्यांवर. एक ते तीन तासांत दिलं तरी फायदा. आणि तीन तासांनंतर दिलं तर उलट मृत्यू वाढले, ३.१ वरून ४.४ टक्के.

म्हणजे या औषधाची मुदत आहे तीन तास. ते फक्त जिल्हा रुग्णालयाच्या कपाटात असेल तर लाहेरीच्या जखमीला त्याचा उपयोग नाही, कदाचित अपायच. ते प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि रुग्णवाहिकेत असेल, आणि देणाऱ्याला कधी द्यायचं हे माहीत असेल, तरच ते औषध. जानेवारी २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली, सुरुवातीच्या योजनेत ९३७ रुग्णवाहिका, आणि प्रत्येकीत डॉक्टर. शिरेतून इंजेक्शन देणारा हात गाडीत बसलेला आहे. हा राज्याचा मोठाच फायदा.

गडचिरोलीला मोजता येतं

आता कोणी म्हणेल, पाड्यापाड्यावर जाऊन कोण मोजणार, कोण शिकवणार? याचं उत्तर गडचिरोलीनंच जगाला दिलेलं आहे, फक्त वेगळ्या विषयात.

१९८६ साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' ही संस्था सुरू केली. नवजात बाळं घरात जन्मायची, घरातच मरायची. रुग्णालयाच्या कागदावर ना जन्म, ना मृत्यू. अगदी तोच वाटेत हरवलेला लॉग. त्यांनी गावात जाऊन मोजलं. मग ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं: बाळाला ऊब द्या, श्वास बघा, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखा, इंजेक्शनसुद्धा द्या. तुलनेसाठी ४७ गावं. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल छापून आला. तुलनेच्या गावांच्या हिशेबात नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटला. आज देशभर आशाताई बाळाला बघायला घरी येतात, त्या पद्धतीचं मूळ इथे आहे. २००१ सालच्या 'कोवळी पानगळ' अहवालानं तर राज्यभर बालमृत्यूंची सरकारी मोजणी किती अपुरी आहे हे दाखवून दिलं, आणि त्यावरून सरकारला हलावं लागलं.

कंबोडियातले गुराखी आणि गडचिरोलीतल्या आरोग्यदूत बायका यांच्यात मला काही फरक दिसत नाही. श्वास, ऊब, वेळेवर इंजेक्शन. यादीसुद्धा जवळजवळ तीच!

माझं म्हणणं एवढंच, की जखमींसाठीही मोजणी गावातून सुरू व्हायला हवी, कॅज्युअल्टीच्या दारातून नव्हे. जखम किती वाजता झाली, पहिली मदत कोणी केली, गाडी कधी आली, माणूस कुठे गेला. १०८ कडे वेळेच्या नोंदी आहेत, वनविभागाकडे हल्ल्यांच्या, पोलीस ठाण्यांकडे अपघातांच्या, रुग्णालयांकडे दाखल झालेल्यांच्या. हे चार कागद एकमेकांना जोडणं रॉकेट सायन्स नाही, आमच्या क्षेत्रातलं रोजचं काम आहे. चंद्रपूरला २०१५ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये गडचिरोलीच्या महाविद्यालयाचंही उद्घाटन झालं. तिथल्या विद्यार्थ्यांना शोधनिबंधाचा विषय शोधायला लांब जायची गरज नाही. इमारत आणि स्कॅन मशीन हवंच, पण गाव ते गाडी या पट्ट्यात काय होतं ते कळल्याशिवाय पैसा कुठे लावायचा हे कळणार नाही.

जाता जाता, कामाचं

तुम्ही कुठल्याही जिल्ह्यात असा, एवढं लक्षात ठेवा.

समोर कोणी जखमी पडला तर १०८ लावा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कपडा थेट जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी जोरात दाबा, आणि सारखं उचलून बघू नका. जखम खोल असेल तर कपडा आत भरून दाबा. माती, पाला, तंबाखू काही घालू नका. अंगात काही घुसलं असेल तर उपसून काढू नका. हातापायाचं रक्त दाबूनही थांबत नसेल तर जखमेच्या वर रुंद पट्टी घट्ट आवळा आणि वेळ लिहून ठेवा. हे फक्त वाहत्या रक्तासाठी, साप चावल्यावर आवळायचं नसतं. बेशुद्ध माणसाला डोकं-मान-पाठ एका रेषेत ठेवून कुशीवर वळवा, म्हणजे जीभ आणि रक्त घशात अडकत नाही. आणि त्याला पांघरूण घाला, उन्हाळा असला तरी.

पोलिसांची भीती वाटते? २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीत ते कलम १३४-अ म्हणून कायद्यात आलं. अपघातातल्या जखमीला चांगल्या हेतूनं मदत केली तर तुमच्यावर खटला होत नाही, आणि नाव सांगायची सक्तीही नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीत आरोग्य खात्यात, वनखात्यात, १०८ वर काम करणारं कोणी हे वाचत असेल, तर तुम्हाला वाटेत काय दिसतं ते जरूर कळवा. तुमची परवानगी असेल तर, कुणाचं नाव न घेता, ते पुढच्या भागात वाचू.

भेटू पुढच्या रविवारी. काळजी घ्या, गाडी हळू चालवा.